पानासकट खाणारे मामाजी

माझ्या मित्राच्या मामांइतक्या आदराने जेवणारा माणूस मी या पृथ्वीवर दुसरा पाहिलेला नाही. सानगडीचे हे मामाजी साठी ओलांडलेले, धानाची शेती करणारे, अंगाने काटकुळे. पण कुणी त्यांच्यापुढे नुसता मुरमुऱ्यांचा द्रोण ठेवला तरी ते चपला काढतात, कोपरापर्यंत हात धुतात आणि देवळात शिरावं तसे त्या द्रोणात शिरतात. पहिला घास तोंडात गेला की डोळे मिटतात. मग हळूच एक 'बाप्पा!' बाहेर पडतो. या 'बाप्पा'च्या पट्ट्या आहेत. खालच्या पट्टीतला साध्या वरणाला, मधला झिंग्यांच्या चटणीला, आणि वरच्या पट्टीतला ऐकला की शेजारच्या पंगतीतली माणसं आपल्या ताटात काय राहून गेलं ते तपासू लागतात. अन्नाला नाही म्हणणं त्यांना जमत नाही. एसटीत अनोळखी माणसाने डबा उघडला तर त्या माणसाला यांना विचारल्याशिवाय राहवतच नाही, इतक्या कौतुकाने ते डब्याकडे पाहतात. एकदा ते तापाने दवाखान्यात होते तेव्हा तिथला बिनमिठाचा दलिया त्यांनी असा काही मिटक्या मारत खाल्ला की आजूबाजूच्या खाटांवरचे रुग्ण नर्सबाईंशी भांडू लागले, "त्यांना देता ते आम्हाला का नाही?" आंबागडच्या एका लग्नात भाजी बुडाला लागली होती. वऱ्हाडी नाकं मुरडत उठले, मामाजी मात्र आचाऱ्याच्या चुलीपर्यंत गेले आणि म्हणाले, "धुराचा वास काय उतरला जी भाजीत!" आचाऱ्याला वाटलं हे टोमणा मारून राहिले. त्याने झारा उचलला. मामाजींना आपण काय वावगं बोललो हे आजतागायत समजलेलं नाही.

तर अशा या मामाजींना घेऊन आम्ही दोघे मित्र गेल्या हिवाळ्यात भंडाऱ्याच्या सांस्कृतिक महोत्सवाला गेलो. मैदानाच्या एका टोकाला नाचगाण्याची दंडार रंगली होती, दुसऱ्या टोकाला खाण्याचे स्टॉल. तर्री-पोह्यांपाशी पाय ठेवायला जागा नव्हती. त्याला लागूनच एक स्टॉल मात्र अगदी रिकामा होता. वर निळ्या अक्षरांत पाटी होती, 'ग्रीस'. एक गृहस्थ बायकोला समजावत होते, "गाडीले लावतात ते विकून राहिले वाटते." स्टॉलवर एक गोरी, जाडजूड, पांढऱ्या केसांची बाई पदार्थ मांडून बसली होती आणि शेजारी तिची मुलगी. ही मुलगी भंडाऱ्याची सून. इथला एक मुलगा परदेशी नोकरीला गेला आणि हिच्याशी लग्न करून आला. आई पहिल्यांदाच लेकीच्या सासरी आली होती. आयोजकांनी हौसेने स्टॉल दिला, बाईने दोन दिवस खपून सगळं शाकाहारी रांधलं. पण लोक येत, तिच्याबरोबर फोटो काढत आणि 'यात काय असन काय नाई' म्हणत पुढे सरकत. बाई फोटोपुरती हसायची. फोटो झाला की ताटावरची जाळी पुन्हा नीट करायची.

मामाजी थांबले. त्यांनी चपला काढल्या. मैदानातल्या धुळीत, भर गर्दीत. मग विचारलं, "हात धुवाले पाणी भेटन का, बाई?"

बाईने लेकीकडे पाहिलं. लेकीने सांगितलं. बाईने स्वतः उठून तांब्याने त्यांच्या हातावर पाणी घातलं.

पहिल्यांदा आल्या द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेल्या भाताच्या बोटभर गुंडाळ्या. मामाजी पान सोलू लागले. सून घाईने म्हणाली, "नाही जी मामाजी, पान पण खायचं असते!" तिची ही भाषा ऐकून आम्ही थक्क, मामाजी तर पानाकडेच पाहत राहिले. "आपण पानावर भात खातो," ते आम्हाला म्हणाले, "अन् हे लोकं पानासकट खातेत. काही टाकाचं कामच नाही!" गुंडाळी तोंडात गेली. डोळे मिटले. आंबट पान, आत लिंबाचा, शेपूचा वास लागलेला भात. आयुष्यभर धान पिकवलेल्या त्या माणसाला आपलाच भात जणू दूरदेश फिरून भेटायला आला होता. आणि मग तो निघाला, वरच्या पट्टीच्याही वरचा, पूर्वी कधी न ऐकलेला 'बाप्पा!'. तर्री-पोह्यांची रांग मागे वळली. पुढे पालक भरलेली पापुद्र्यांची वडी, खारट पांढरं चीज, लसूण घातलेली दही-काकडी ("हे तर आपलंच पोट्टं दिसते!"), आणि काळी, कडवट, खारवलेली ऑलिव्हची फळं. ती मात्र मी तोंडातून हळूच रुमालात घेतली. मामाजींनी एकेक फळ चघळत बी हातात घेऊन निरखलं. तोवर मागे लोक दाटले होते. "काय हाये जी ते?" "मले बी द्या एक." बाईचे हात चालू लागले ते थांबेनात. अंधार पडायच्या आत ताटं रिकामी झाली.

मग तिने आम्हाला स्टॉलच्या मागे बसवून इवल्याशा कपांत कॉफी दिली. काळी, दाट, तळाशी गाळ. मामाजींनी गाळही पिऊन कप बोटाने पुसला. बाई घाबरून काहीतरी ओरडली. सून हसत सुटली. "आई त्या गाळात पाहून भविष्य सांगते. तुम्ही भविष्य पिऊन टाकलं म्हणते."

"गोड होतं म्हणा," मामाजी म्हणाले.

बाईने विचारलं, मुलं किती? एक पोरगी, मामाजींनी सांगितलं, तुमसरकडे बपेऱ्याला दिली. मग तिच्या हातचं जेवायला नेहमी जात असाल?

"नाही जी. पोरीच्या घरचं आम्ही पाणी बी पेत नाही. रीत आहे."

सुनेने भाषांतर केलं. बाईला समजलं नाही. पुन्हा केलं. बाईने हातातला कप खाली ठेवला आणि बोलली. सून मान खाली घालून म्हणाली, "आई म्हणते, मी समुद्र ओलांडून पोरीच्या हातचं खायला आली. आता ही सगळ्या पदार्थांत तिखट टाकते. मी रडतरडत खाते, पण खाते. आणि विचारते, तुमची पोरगी रांधते कशी?"

मामाजींनी तोंड उघडलं. आसपासच्या गावांतल्या कुणाच्या हाताला काय चव आहे हे त्या माणसाला तोंडपाठ होतं. पण ते म्हणाले, "मले माहीत नाही."

 पुढच्या आठवड्यात मामाजींचा मला फोन आला. त्यांचा भाचा, माझा मित्र, ड्यूटीवर होता. "गाडी काढ रे. बपेऱ्याले जाऊन राहिलो."

लेकीने अंगणात खाट टाकली. जावई शेतातून आले. मामाजी दरवेळी बरोबर आणायचे ती पाण्याची बाटली आज नव्हती. ते जरा वेळ इकडचंतिकडचं बोलले आणि मग एकदम म्हणाले, "पाणी दे ना, बाई."

लेक जागीच उभी राहिली. मग नवऱ्याला ओरडली, "अवो, बाबाले चक्कर आली वाटते!"

"चक्कर नाही आली. भूक लागली."

"मंग थांबा ना बाबा, मी काही गोडधोड…"

"काहून? जे असन ते आण."

भात होता, लाखोळीच्या डाळीचं वरण होतं, वांग्याची भाजी होती. मामाजींनी हात धुतले. पहिला घास घेतला. मी वाट पाहत होतो, पण आवाज काही आला नाही. डोळेही मिटले नाहीत. ते समोर उभ्या लेकीकडे पाहत जेवत होते, आणि तिला पदराचं काय करावं ते सुचत नव्हतं.

"भात आण अजून," ते म्हणाले.

ती आत गेली ती लवकर बाहेर आलीच नाही. शेवटी जावईच उठले आणि भाताचं गंज, अख्खं पातेलंच, घेऊन आले.

परत येताना पुलावर त्यांनी गाडी थांबवायला लावली. खाली नदीत एक डोंगा संथ चालला होता. मामाजी कठड्याला टेकून तो दिसेनासा होईपर्यंत पाहत राहिले.

"लग्नाच्या आधी तिले भात बी जमत नव्हता," ते म्हणाले. "कच्चा नाही तं गिचका. कधी शिकली, कोणी शिकवलं… मले काही समजलंच नाही रे."