दहा कमी पाच

माझी विहीण बुरमाकान दूर डोंगरातल्या मुर्गाबहून आमच्या दुशान्बे शहरात आली, ती लेकीच्या बाळंतपणासाठी. दोन दिवस जीपमध्ये अंग खिळखिळं करून घेतलेलं, पण घरात पाय ठेवला तरी बाई बसायला तयार नाही. चहासुद्धा उभ्यानेच प्यायली. जन्मभर याकांच्या मागे डोंगर चढलेली ती, आमच्या दोन खोल्यांत तिचा जीव कसा रमावा? खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत.

तिची लेक ऐपेरी म्हणजे माझी सून. आदल्याच दिवशी तिला मुलगी झाली होती. बाळ छान होतं, पण ऐपेरीला ताप चढला होता आणि प्रसूतिगृहात कोणाला आत सोडत नव्हते. माझा मुलगा सियोवुश रशियात बांधकामावर. विहिणीला ताजिक येत नव्हतं, मला किर्गिझ. आजवर आम्ही जे काही बोललो ते ऐपेरीच्या तोंडून. आता दोघींच्या पदरी थोडं मोडकंतोडकं रशियन, तेवढंच.

माझा गुडघा सुजला होता, म्हणून डबा घेऊन ती एकटीच गेली. प्रसूतिगृह आमच्या रस्त्याच्या टोकाला. तिथे डबे घ्यायची खिडकी जरा वेळच उघडते. ती कधी उघडणार, असं तिने फाटकावरच्या बाईला खुणेने विचारलं. बाई म्हणाली, "दहता कम पंज." ऐपेरीने आईला फोनवर आकडे शिकवले होते. दह म्हणजे दहा, पंज म्हणजे पाच. विहिणीने ठरवलं, पाच वाजून दहा मिनिटं. तोवर उभं राहवेना, म्हणून कालव्याच्या कडेने चालत सुटली. परतली तेव्हा खिडकी बंद झाली होती.

घरी येऊन तिने भरलेला डबा ओट्यावर आदळला.

"तुमच्या गावातले लोक खोटं बोलतात."

काय झालं ते हळूहळू कळलं, तसं मला हसू आलं. तिला ते झोंबलं.

"लेक तापाने फणफणलीय आणि हसतेस काय?"

 शेवया करायला काढलेलं पीठ चादरीवर पसरलं होतं. त्यात बोटाने घड्याळ काढलं. "हे बघ विहीणबाई. पंजु दह म्हटलं की पाच वाजून वर दहा. आणि मध्ये कम आला की तेवढी मिनिटं कमी. दहता कम पंज, म्हणजे पाचाला दहा कमी."

"मग आधी पाच सांगायला काय होतं? आम्ही आधी पाच म्हणतो, मग दहा राहिले म्हणतो. तुमच्यात माणसाला आधी तोटाच सांगतात."

"लेकीच्या सासरी असंच असतं."

ती हसली नाही. पण पिठावर वाकली. साडेचार कसे म्हणायचे? चोरु नीम. पावणेपाच कसे? चोरयक कम पंज. तोंडाने पुटपुटत ती पुन्हा येरझाऱ्या घालू लागली. "तुझं घड्याळ तरी जुळव," मी म्हटलं. मुर्गाबचे किर्गिझ लोक घड्याळ तासभर पुढे ठेवतात; आल्यापासून ती तो तास मनातच वजा करत होती. तिने ते मागे केलं, पण कुरकुरत. "आल्या आल्या माझा एक तास काढून घेतलास."

दुसऱ्या दिवशी मी लंगडत तिच्याबरोबर निघाले. तिने मला साडेतीनलाच घराबाहेर काढलं. फाटकाशी आम्ही उभ्या. म्हणजे मी उभी, ती फिरतेय. दर थोड्या वेळाने फाटकावरच्या बाईला विचारी, "सोअत चंद?" किती वाजले? मनगटावर घड्याळ असून विचारी. शेवटी बाई वैतागली. "अहो, आत्ताच तर सांगितलं. पळून जातेय का वेळ?" विहीण माझ्याकडे वळली. "काय म्हणाली?" मी म्हटलं, "धीर धरा म्हणाली."

खिडकी उघडली. विहिणीने सगळ्यांच्या पुढे घुसून डबा आत सारला. नर्स म्हणाली, ताप उतरतोय, वर बघा. तिसऱ्या मजल्याच्या काचेमागे ऐपेरी उभी होती, चेहरा पांढराफटक, हातात गाठोडं. विहीण खालून किर्गिझमध्ये काहीतरी ओरडत राहिली. मला एक अक्षर कळलं नाही. माझेही डोळे भरून आले.

चार दिवसांनी मायलेकी घरी आल्या. वाटलं, आता तरी बाई टेकेल. चाळीस दिवस राहणार होती. पण तिकडे याक व्यायला आलेले, नवऱ्याचे फोनवर फोन. पंधरवड्यातच ती उठली. ऐपेरी रडली. मी भांडले. "नातीला माझ्या गळ्यात टाकून चाललीस?"

"तुझा गळा भक्कम आहे," ती ताजिकमध्ये म्हणाली. हे तिला कोणी शिकवलं, देव जाणे.

जीपतळावर ड्रायव्हरला तिने विचारलं, कधी निघणार. "भरली की," तो म्हणाला. त्या उत्तराला घड्याळ काय करणार? ती सीटवर बसली, उतरली, जीपभोवती फेरी मारून पुन्हा बसली. उन्हं चढेपर्यंत मी तिथेच थांबले. शेवटचा उतारू पोतं घेऊन आला तेव्हा तिने खिडकीतून माझा हात धरला आणि जीप हलेपर्यंत सोडला नाही.