भिलाईत फुटबॉलचं मैदान कुठे व्हावं

नात म्हणते, प्रवासाच्या ब्लॉगवर फोटो हवेतच. माझ्या भिलाईच्या फेरीचा एकही फोटो नाही. तेव्हा घरात कॅमेरा नव्हता, आणि असता तरी तिथलं मी काही टिपलं नसतं. पोलाद कारखान्याची पहिली भट्टी नुकतीच पेटली होती. ताईचं तान्हं बाळ आदल्या वर्षी तिथे दगावलं होतं. तिला सोबत म्हणून आईने मला गोंदियाहून धाडलं. बाबा रेल्वेत असल्याने पास होता, आणि फुकटच्या प्रवासाला मी कधी नाही म्हटलेलं नाही.

सकाळची पॅसेंजर धरा, हे मी आजही सांगेन. डोंगरगडपर्यंत खिडकीत जंगल असतं, आणि राजनांदगावला मुर्रा घ्यावा, म्हणजे आपले मुरमुरे, कांदा-मिरची घालून. दुर्गला उतरून सायकलरिक्षा केली. रस्ता म्हणजे नुसती लाल धूळ. क्वार्टर येईस्तोवर माझी पांढरी साडी विटेच्या रंगाची झाली.

ताईने पातोडीचा रस्सा केला होता. जेवताना ती बरी बोलली. संध्याकाळी मात्र मागच्या दारात जाऊन उभी राहिली, तोंड जवळच्या मरोदा गावाकडे करून. विचारलं तर म्हणाली, "तिकडून हवा येते."

कारखान्याचा धूर तर तिकडेच चालला होता.

भाऊजी फिटर होते आणि कारखान्याच्या टीमचे गोलकीपर. त्या दिवशी त्यांच्या ओसरीत बैठक भरली होती, मैदान कुठे करायचं म्हणून. कामगार कल्याणाचा सरकारी पैसा मंजूर झाला होता आणि मार्चच्या आत खर्चला नाही तर परत जाणार होता. भाऊजींना मैदान वसाहतीला लागून हवं होतं. कारखान्याच्या क्लबचे साहेब म्हणत, तिथली खोलगट जमीन भरण्यातच सगळा निधी जाईल. त्यापेक्षा मरोद्याच्या अलीकडे कारखान्यासाठी उठवलेलं एक गाव रिकामं पडलंय.

"जमीन सरकारी, पानी पास, पैसा बचेगा तो गॅलरी बनेगी," साहेब म्हणाले. "और क्या चाहिए?"

भाऊजी नुसतं "लांब पडते" एवढंच म्हणत राहिले. साहजिकच हरले.

मंडळी गेल्यावर मी त्यांना चिडवलं, "भाऊजी, एवढे काहून अडून राहिले? बॉल आणायला लांब जावं लागते म्हणून?"

ते हसले नाहीत. "बाळ तिथंच हाय," म्हणाले. "ताईले सांगू नको."

आमच्याकडे तान्ह्या बाळाला जाळत नाहीत, पुरतात. वर दगड आणि बोरीच्या काट्या रचतात. बायका जात नाहीत आणि आईला जागा सांगत नाहीत. सांगितली तर ती तिथेच जाऊन बसेल, म्हणतात. भाऊजींना बैठकीत खरं कारण सांगता येईना, कारण वसाहतीत सांगितलेली गोष्ट दुपारपर्यंत ताईच्या कानावर आली असती. मला त्यांची फार दया आली आणि रागही आला.

दुसऱ्या दिवशी त्यांच्यासोबत ते गाव पाहिलं. लोकांनी जाताना दारं, चौकटी, छपराच्या मयाली सगळं उपसून नेलेलं. भिंती तेवढ्या उभ्या होत्या, दाराच्या जागी नुसती भगदाडं. एका अंगणात मात्र ताजा शेणाचा सडा होता, अजून ओला. हाक मारली तर कोणी ओ दिली नाही; गेलेल्यांपैकीच कोणी पहाटे येऊन शिंपून जात असावं. तळ्याच्या पायरीवरून भाऊजींनी अंदाजाने जागा दाखवली. काट्या, दगड, काही उरलं नव्हतं. साहेबांच्या खुंट्यांप्रमाणे ती बरोबर गोलच्या तोंडाशी येत होती.

मैदानाच्या जागेवर रोलर आला त्या दिवशी तिकडे जाताना भाऊजी डबा विसरले. मी तो द्यायला निघाले तर ताई म्हणाली, "मीही येतो." अडवायला मला कारण सुचेना. याआधी ती या बाजूला कधी आलीच नव्हती. वाट मात्र ती पुढे चालून दाखवत होती. तळं ओलांडून ती सरळ गेली आणि भाऊजींनी मला दाखवलेल्या जागेवर मांडी घालून बसली. डबा मांडीवर, पदर डोक्यावर.

रोलरवाल्याने भोंगा वाजवला. ती उठली नाही.

"ताई, ऊन लागते," मी म्हटलं.

"इथं नाही लागत," ती म्हणाली. सावली तर कशाचीच नव्हती.

भाऊजी साहेबांकडे गेले आणि सगळ्यांदेखत बोलले, "मेरा बच्चा है वहाँ." साहेबांनी टोपी काढली. जरा वेळाने स्वतःच जाऊन खुंट्या उपटल्या आणि मैदान तेवढं मागे सरकवलं. ताईने आधी जमिनीवर हात फिरवला, मग डबा भाऊजींच्या हातात दिला. त्या रात्री ती मागच्या दारात गेली नाही.

आज नेहरू नगराकडून रिक्षाने तिथे जाता येतं. मॅच जरूर बघा, फक्त तळ्याकडच्या गोलमागे बसू नका.

गोंदियाला आईला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"तिले जागा कोणं सांगतली?"

"कोणीच नाही."

आईने सूप खाली ठेवलं. "तुह्या आन् ताईच्या मधात एक होता," ती म्हणाली. "नाल्यापल्याडच्या मोहाखाली हाय. मलेही कोणी सांगतलं नाही."

तिने सूप पुन्हा हातात घेतलं.

"बाबाले नको सांगू मले माहीत हाय म्हणून. अजूनही मले बाजारात लांबच्या वाटेनं नेतेत ते."