आधी ढोल खाली ठेवा

फोन आला तेव्हा मी खंडाळ्याच्या बंगल्यात पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडत होते. पलीकडून आमच्या गावच्या गबाजीआबांच्या सूनबाई बोलत होत्या.

"प्रज्ञा, मामंजींचा फोन लागंना. समद्यांचंच बंद हायेत. त्यांना सांग, मुंबईचं किसनभाऊ गेलं. सकाळीच. सांजच्याला माती हाय, घाटकोपरला. आत्ता निघालं तर गावतील."

मी "सांगते" म्हणाले आणि फोन ठेवला. मग मांडलेल्या खुर्चीवर मीच बसले.

इतकं घाबरण्यासारखं काय होतं, ते समजायला माझं काम थोडं सांगावं लागेल. मी लोणावळ्याच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. लेक्चर संपली की एका छोट्या कलासंस्थेत प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून जाते. ही संस्था ग्रँटवर चालते. परदेशातला एखादा निधी दोन देशांतल्या कलाकारांना एकत्र काम करायला मदत देतो, ती ग्रँट. ती परत करायची नसते. पण काय करणार ते आधी लिहून द्यायचं असतं, आणि लिहिलं ते करून दाखवायचं असतं.

आमची ग्रँट दोन टप्प्यांची होती. पोलंडची मार्ता चेलो वाजवते. चेलो म्हणजे गुडघ्यांत धरून वाजवायचं मोठं व्हायोलिन. पहिल्या टप्प्यात तिने इथे येऊन आंदर मावळातल्या आमच्या गावच्या ढोल पथकाबरोबर एक रचना बसवायची. दुसऱ्या टप्प्यात पथकाने पोलंडला जायचं. मध्ये एक 'शोइंग'. काम कुठवर आलंय ते निधीच्या माणसांना दाखवायचं आणि मग त्यांनी दुसरा टप्पा मंजूर करायचा. ते शोइंग त्याच दुपारी होतं. निधीच्या दोघी जणी दिल्लीहून आल्या होत्या. पथकातल्या सगळ्यांचे पासपोर्ट झाले होते. पथकाचे म्होरके गबाजीआबा तर पासपोर्टवरचा आपला फोटो गावभर दाखवून आले होते.

फोन बंद होते ते मार्तामुळे. ती तालमीचं रेकॉर्डिंग करायची आणि तिच्या माईकमध्ये मोबाईलची खरखर यायची. म्हणून बंगल्यातल्या तालमीच्या हॉलमध्ये शिरताना सगळे आपापले फोन बंद करून दारातल्या टोपलीत ठेवायचे. ती टोपली सांभाळणं माझं काम. त्यामुळे ती बातमी बंगल्यात फक्त मला माहीत होती.

पथकातले सगळे एकाच भावकीचे. भावकीत कुणी गेलं की सगळ्यांना सुतक. सुतकात ढोल वाजवायचा नाही. त्यातून आबांच्या गळ्यातला ढोल गावच्या देवळातला, मानाचा. त्याला तर सुतकात हातही लावत नाहीत.

मी संचालक मॅडमना गाठलं. त्या पाहुण्यांसाठी फाईल लावत होत्या. ऐकून त्यांनी फाईल मिटली.

"अजून कुणाला सांगितलंस?"

"नाही."

त्या खिडकीशी गेल्या.

"सुतक ऐकल्यापासून धरतात, प्रज्ञा. आमच्याकडेही तसंच आहे. लांबच्या माणसाची बातमी उशिरा कळली, तर कळल्यापासून."

"हो."

"मग त्यांना कळलेलंच नाही, तोवर ते वाजवू शकतात. यात कुणाचा धर्म बुडत नाही. शोइंग झाल्या झाल्या सांगू. तू फोन नंतर पाहिलास, इतकंच म्हणायचं."

"मॅडम, माती संध्याकाळी आहे. शोइंगनंतर निघाले तर पोचणार नाहीत."

"मला कळतंय गं. दोन वर्षं यात गेलीत माझी. हे लोक पोलंडला जावेत असं मला वाटत नाही का?" त्यांचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "तुझ्याही कामाचा प्रश्न आहे. हे बुडालं तर पुढे कुणाला ठेवता येईल, मला माहीत नाही."

त्या धमकी देत नव्हत्या. खरंच सांगत होत्या. म्हणून जास्त भीती वाटली.

मी बाहेर व्हरांड्यात आले. हॉलमधून ढोलाचे ठोके येत होते आणि त्यांच्याखालून चेलोचा लांब सूर. एरवी तो मला आवडायचा. त्या दिवशी मी एकेक ठोका मोजत होते. किसनभाऊ म्हणजे आबांचे चुलत भाऊ. ते मुंबईला गिरणीत जाण्याआधी दोघं एकाच ढोलावर शिकले, हे आबांनी मार्ताला कितीदा तरी सांगितलं होतं आणि प्रत्येक वेळी मीच त्याचं इंग्रजी केलं होतं.

दुसरी भीती मॅडमना सांगता येण्यासारखी नव्हती. आम्ही बौद्ध. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला आहे. मरणाचा निरोप गावोगाव पोचवणं हे पूर्वी आमच्या लोकांवर लादलेलं काम. धर्मांतर झालं आणि माझ्या आजोबांनी ते सोडलं. त्यासाठी गावाची बोलणी खाल्ली. इतक्या वर्षांनी गावातल्या मरणाचा निरोप पुन्हा आमच्याच घरात येऊन पडला होता. सांगावा तर आजोबांनी सोडलेलं काम मी करते की काय, असं वाटे. आणि दाबून ठेवला, तर उद्या गाव काय म्हणेल ते मला ठाऊक होतं. मी लोणावळ्यात राहते. आईबाबा तिथेच राहतात.

पण खरं सांगायचं तर शेवटी यातला कुठलाच विचार करून मी उठले नाही. आतला ठोका थांबला आणि आबा कशावर तरी मोठ्याने हसले. ते हसणं मला ऐकवेना.

मी आत गेले. आबा उभेच होते, गळ्यात ढोल, हातात टिपरू. मला पाहून म्हणाले, "या, मॅनेजरबाई. आमचा चा कुटं हाय?"

सांगायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात लक्षात आलं. देवाचा ढोल अंगावर असताना मी सांगितलं, तर त्याच क्षणी सुतक ढोलावर येतं.

"आबा, आधी ढोल खाली ठेवा."

आबांचं हसू तसंच राहिलं, पण डोळे बदलले. त्यांनी सावकाश पट्टा मानेवरून काढला, ढोल घोंगडीवर ठेवला, टिपरू त्याच्यावर आडवं ठेवलं आणि चार पावलं मागे सरले.

"आता बोल. कोन?"

"मुंबईचे किसनभाऊ. सकाळी गेले. संध्याकाळी माती आहे."

आबा मटकन खाली बसले. मागच्या एकाने हातातली झांज जमिनीवर ठेवली, आवाज होऊ न देता.

"निरोप कवा आला?"

"मघाशी, खुर्च्या मांडत होते तेव्हा."

"मंग इतका येळ?"

"भीती वाटली, आबा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी रागाची वाट पाहत होते. ते म्हणाले, "पोचू का आमी?"

मागे दारात मॅडम उभ्या होत्या. कधी आल्या मला कळलं नाही. त्या म्हणाल्या, "पोचाल. तुमची ट्रॅक्स गाडी अशीच मुंबईला न्या. मी ड्रायव्हरला सांगते."

निघताना आबा ढोलापाशी अडखळले. हात पुढे गेला आणि मागे आला. बरोबरच्या सगळ्यांकडे त्यांनी एकदा पाहिलं. सगळेच भावकीचे.

"प्रज्ञा, तो देवळात पोचीव. गुरवाकडं दे. आमाला आता शिवता यायचं न्हाई."

'शिवता यायचं न्हाई' हे शब्द आमच्या घरात फार वेगळ्या बाजूने ऐकलेले आहेत. आबांच्याही ते ध्यानात आलं असावं. ते क्षणभर थांबले, मग मान खाली घालून गाडीत बसले.

शोइंग झालं. मार्ताने तिचा भाग वाजवला, पथकाचा भाग रेकॉर्डिंगवर ऐकवला. पाहुण्यांना मॅडमनी जे घडलं ते सांगितलं, फोनपासून. फक्त खिडकीपाशी झालेलं बोलणं सांगितलं नाही. मीही नाही. त्यांतल्या एकीने अर्ज उघडून विचारलं, "तुमच्या रिस्क प्लॅनमध्ये हे का नाही?" रिस्क प्लॅन म्हणजे काय काय अडू शकतं आणि मग काय करणार, याची यादी. आम्ही दरड लिहिली होती, वीज जाणं लिहिलं होतं, आजारपण लिहिलं होतं. एकाच भावकीचं पथक घेताना मरण लिहायचं कुणालाच सुचलं नव्हतं. आणि मी तर त्याच गावची.

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या गाडीतून मी ढोल गावात नेला. गाडी पारापर्यंतच जाते. तिथून मी तो दोन्ही हातांनी उचलला. वाटला त्यापेक्षा जड होता. देवळाच्या पायरीपाशी आल्यावर मात्र पाऊल उचलेना. मी त्या देवळात कधी गेले नव्हते. आधी येऊ देत नव्हते, आणि नंतर आम्हीच जात नव्हतो. पारावरची माणसं बोलायची थांबली होती.

गुरव आतूनच ओरडला, "दारात काय हुबी राहिलीस? माझी कंबर धरलीय. खुंटीखाली ठिव, तिकडं."

मी आत गेले. खुंटीखाली ढोल ठेवला. हात जोडले नाहीत. गुरवाने ते पाहिलं. मी बाहेर आले, तेव्हा तळव्यांवर पट्ट्याचे वळ होते.

महिन्याभराने निधीचा मेल आला. या वर्षी दुसरा टप्पा मंजूर करता येणार नाही, पुन्हा अर्ज करावा. मला काढलं नाही, पण मॅडमना दोन सहकाऱ्यांना कामावरून कमी करावं लागलं. आबांना सांगायला मी त्यांच्या घरी गेले तेव्हा बोलणं मनात जुळवून गेले होते. ते म्हणाले, "पोलंड काय पळून जातंय व्हय? किसनाच्या तोंडात पानी घातलं, त्ये झालं." मग थोड्या वेळाने, दुसरीकडे पाहत, "पासपोर्टाची मुदत किती असती गं?"

नवा अर्ज गेला आहे. उत्तर अजून आलेलं नाही. या खेपेचा रिस्क प्लॅन मी लिहिला, आबांच्या ओट्यावर बसून. त्यात पथकात दुसऱ्या भावकीचे चार वादक आहेत, प्रत्येक तारखेला पर्यायी तारीख आहे, आणि टोपलीतला एक फोन कायम चालू राहणार आहे. मार्ता म्हणते, थोडी खरखर चालेल.