जहाज थांबत नाही

माही पोरगी चालाले लागली तवापासून मामाजी तिले नावानं हाक मारतच नव्हते. विमान म्हणत. "विमान कुठी गेलं? विमानाले दूध देल्लं का वो सूनबाई?" मामाजी म्हणजे माहे सासरे, जवानीत नेव्हीत होते, आता आमच्या मेहकरकडच्या वावरात वांगे-टमाटे लावतात. बाहेरच्या मानसाले वाटे, आजा नातीचे काय लाड करून राह्यला. मले त्या नावाची भीती वाटे, काऊन का त्या विमानाचं शेवटी काय होते ते मी रोज संध्याकाळी भाकरी थापता थापता ऐकत होती.

मामाजीच्या पेटीत एक फोटो आहे. त्यातल्या विमानाले चाकं नाहीत, चाकाच्या जागी दोन होड्या. जुन्या लढाईत मोठ्या जहाजावर असं विमान राहे, अन् गुलेलीतून गोटा मारावा तसं त्याले जहाजावरून फेकत. ते वर फिरे, दुश्मन कुठी आहे पाहे, पाण्याखाली पाणबुडी आहे का पाहे, आपल्या तोफेचा गोळा जवळ पडला का दूर, ते वायरलेसवर सांगे. काम झालं का समुद्रावरच उतरे, मंग जहाज त्याले क्रेननं उचलून घे. मामाजीनं सोता ते उडताना पाह्यलं नव्हतं, त्याईच्या टायमाले हेलिकॉप्टर आले होते. त्याईच्या उस्तादानं त्याईले सांगतलं अन् ते माह्या पोरीले सांगत.

"अन् आबा, जहाज आलंच नाही तं?" पोरगी विचारे. पाठ होतं तिले, तरी विचारे.

"दुश्मन जवळ असला तं जहाज थांबत नाही. थांबलं का मेलं. जहाजात शेकडो मानसं, विमानात दोघं."

"मंग ते दोघं काय करत?"

"तरंगत."

"मंग?"

"मंग काही नाही. झोप."

यंदा मले पुन्हा दिवस गेले. पोट पुढं आलं तं सासूबाई गावभर सांगत फिरल्या का पोरगाच आहे. मामाजी म्हणाले, "येऊ दे. आता जहाज येऊन राह्यलं." मी चुलीपाशी होती, माही भाकर तव्यावरच करपली.

वावरात आम्ही शेततळं खणलं. शेजारच्या गावात असल्याच तळ्यात एक लेकरू गेलं होतं, म्हणून मी ह्याईले, म्हणजे पोरीच्या बापाले म्हटलं, तारेचं कुंपण करा. हे म्हणाले, बाबाले विचार. बाबाले विचारलं तं मामाजी हासले.

"कुंपणानं कोणी वाचते का? पोहता आलं पाह्यजे. आधी इले टाकून पाह्यतो, तळं कसं आहे ते समजीन. मंग आपल्या पोराले आरामात शिकवता येते."

"अन् इले काही झालं तं मामाजी?"

"विमान त्याच्यासाठीच असते बाई."

सासूबाई पदर तोंडाले लावून हासल्या. हे जेवत होते, ते जेवतच राह्यले.

आमच्याकडं पोट्टे विहिरीत पोहाले शिकतात, पाठीले वाळला भोपळा बांधतात अन् देतात ढकलून. पण विहिरीले दगडं असतात, पाय टेकाले खाचा असतात. शेततळ्याले खालून वरपर्यंत प्लास्टिकची पन्नी, तिच्यावर शेवाळ. आमची बकरी त्यात पडली तवा पोहत काठावर आली, पन्नीवर खुरं घासत राह्यली, घासत राह्यली, अन् काठाशीच मेली. बुडून नाही, दमून मेली. मी मामाजीले ते सांगतलं. ते म्हणाले, "मी समुद्र पाह्यला आहे, तू मले डबकं सांगते का?"

त्या दिवशी हे मेहकरच्या बाजारात माल घेऊन गेले होते. मी भाकर घेऊन वावरात आली तं दुरूनच पोरीचं हासणं आयकू आलं. मी पळाली, पोट धरून पळाली. मामाजीनं तिच्या दोन्ही काखेखाली फवारणीचे रिकामे डबे बांधले होते, विमानाच्या होड्यासारखे, अन् कमरेले दोर. ते तिले हातावर झुलवत होते. "एक... दोन..." मी वरडली, मामाजी थांबा, अन् त्याईनं माह्याकडं पाह्यत पाह्यत तिले फेकलं.

ती तरंगली. खरंच तरंगली. मामाजी खुश. "पाह्य! टेहळणी कर बे विमाना, दुश्मन दिसते का?" पोरगी खोकलत हासत होती. मंग मामाजीनं दोराचं टोक हातातून सोडून देल्लं.

"मामाजी, दोर!"

"जहाज पुढं गेलं," ते म्हणाले. "आता विमानानं आपलं आपण काठावर याचं."

पोरगी हात मारून राह्यली होती, जागच्या जागी. मंग ती एका बाजूले कलली. एका डब्याचं झाकण ढिलं होतं, त्यात पाणी भरून राह्यलं होतं. ती आबा आबा म्हणत होती, मले नाही, आबाले. मामाजी दोर घ्याले खाली वाकले, पन्नीवर पाय पडला, अन् ते बसल्या बसल्या घसरत गेले पाण्यात, जसं कोणी फेकलं.

मले पोहता येत नाही. काठावर ठिबकच्या नळीचं बंडल होतं. मी एक टोक मोटरच्या पेटीच्या खांबाले गुंडाळलं, गाठ बसे ना. खालून मामाजी पन्नीवर नखं घासत होते, बकरीसारखे, अर्धा हात वर येत अन् पुन्हा खाली जात.

"माह्याकडं फेक! आधी मले काढ, मंग मी तिले काढतो! मले पोहता येते!"

बरोबरच होतं त्याईचं म्हणणं, दुसऱ्या कोणी आयकलं असतं. मी नळी पोरीकडं फेकली. पह्यल्यांदा दूर पडली. दुसऱ्यांदा तिच्या तोंडावर बसली, ओठ फाटला, पण तिनं धरली. मी खांबाले पाय लावून ओढली तिले, पोटात कळ आली, ओढली. वर आली तं तिचे ओठ निळे झाले होते अन् औषधाचा वास येऊन राह्यला होता तिच्या अंगाले. उलटी केली तिनं, रडली. रडली तवा मले श्वास आला.

मंग मी मामाजीकडं पाह्यलं. त्याईच्या हनवटीपर्यंत पाणी होतं.

"फेक ना वो!"

नळी माह्या हातात होती. मी म्हटलं, "आधी शपथ घ्या."

"डोकं फिरलं का तुह्यं?"

"पोरीले पुन्हा पाण्यात नाही नेणार म्हणा. तिची शपथ घ्या."

त्याईनं मले शिव्या देल्ल्या, माह्या बापाले देल्ल्या, पाणी गिळलं, पुन्हा देल्ल्या. मी हालली नाही. पोरगी माह्या पायाले धरून म्हणून राह्यली होती, "आई, आबाले काढ नं." मी तिचंही आयकलं नाही. शेवटी मामाजी म्हणाले, "तिची शपथ. पोरीले नाही नेणार." तवा मी फेकली.

घरी आलो तं मामाजीनं सगळ्याईले सांगतलं. सुनेनं बुढ्याले पाण्यात उभं ठेवलं अन् सौदा केला. सासूबाईनं माह्या हातचं जेवण सोडलं. ह्याईनं मले मारलं, पोट सोडून मारलं. मारून झाल्यावर विचारलं, "पोरगी बरी आहे नं?" ते तिच्याजवळ जाऊन पाहू शकत होते, पण गेले नाहीत.

शपथ मामाजीनं पाळली. फौजी मानूस. तळ्याकडं नेलं नाही, अन् बोलतही नाहीत तिच्याशी. आता तिले ना विमान म्हणत, ना नावानं हाक मारत. संध्याकाळी ती त्याईच्या खाटेपाशी जाऊन उभी राह्यते, फाटलेल्या ओठाची खूण चाटत. "आबा, जहाज नाही आलं तं?" ते भिंतीकडं तोंड करतात. मी तिले उचलून आणते तं ती मलेच मारते.

मले वाटलं, चाललं, जीव तं वाचला.

काल मी पाणी भराले गेली तं मामाजी अंगणात बसले होते. नवे डबे घासून ठेवले होते, झाकणाले आतून रबर लावून राह्यले होते, दोर उन्हात वाळत घातला होता. मी म्हटलं, "मामाजी, तुम्ही शपथ घेतली होती."

त्याईनं मान वर केली नाही. झाकण फिरवून घट्ट बसवलं, डबा उलटा करून पाह्यला.

"पोरीची घेतली," ते म्हणाले. "तुह्या पोटातल्याची कुठी घेतली?"