तिचा फटका

बॅडमिंटनच्या दुहेरीत मी आणि माझी मैत्रीण चौदा वर्षं एकत्र खेळतोय. मी रोह्याच्या शाळेत खेळाची शिक्षिका, ती पेणच्या एका दवाखान्यात नर्स. ती राहायला पेणजवळच्या जित्याला. दर रविवारी ती गाडीनं रोह्याला येते आणि हॉलमध्ये आम्ही दुपारपर्यंत खेळतो.

गेल्या वर्षी एका कंपनीचे इंजिनिअर तिथं आले. बरोबर चार पायांचं यंत्र, त्याच्या पाठीवर एक हात, हातात रॅकेट. हे पाठांतर करत नाही, माणसाच्या मेंदूसारखं बघून बघून शिकतं, असं त्यांनी सांगितलं. शिकवायला आम्ही दोघी हव्या होत्या. चार महिने आम्ही मनगटाला पट्टे बांधून कॅमेऱ्यांसमोर खेळलो. मजाही वाटत होती, खोटं कशाला बोलू.

मग प्रदर्शनीय सामना ठरला. एका बाजूला माणूस आणि यंत्र, समोर दोन पुरुष खेळाडू. यंत्राबरोबर तुम्ही खेळाल का, असं त्यांनी मला फोनवर विचारलं आणि मी लगेच हो म्हटलं. मैत्रिणीचं काय, हे विचारलंच नाही.

सामन्याला हॉल भरला होता. ती तिसऱ्या रांगेत बसली होती. पहिल्याच गेममध्ये यंत्र जाळीजवळ गेलं, शटल उंच उचलणार असं दाखवलं, ऐनवेळी मनगट थांबवलं आणि शटल अलगद पलीकडे टाकलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तो फटका तिचा होता. ड्यूटी करून थकलेल्या हातानं तिनं तो वर्षानुवर्षं घोटला होता. आणि माइकवरचा माणूस म्हणाला, "बघा, हे आमच्या यंत्राला आपलं आपण सुचलं."

अकरा गुणांवर मधल्या विश्रांतीसाठी खेळ थांबला तशी मी इंजिनिअरकडे गेले. "हा फटका कुणाचा ते लोकांना सांगा. ती इथंच बसलीय."

"मॅडम, डेटा बऱ्याच लोकांचा असतो. एकाचं नाव नाही घेता येत."

"रविवारी कोर्टवर आम्ही दोघीच असायचो."

"नंतर बोलू ना."

मी रॅकेट पिशवीत कोंबली आणि कोर्टाबाहेर आले. सामना तिथंच संपला.

ती बाहेर चपला घालत होती. मला वाटलं, आता माझा हात धरेल.

"यंत्राचा राग नाय मला," ती म्हणाली. "ते शिकवलं तसं खेळतंय. तू हो म्हणालीस तवा मला एक फोन करायला काय झालं होतं गो?"

ती स्टेशनकडे निघून गेली.

दोन रविवार ती आली नाही. तिसऱ्या रविवारी मी जित्याला जाऊन तिची माफी मागितली. तिनं बराच वेळ मला दारातच उभं ठेवलं, मग म्हणाली, "ये आत, चहा टाकते."

चहा पितानाच माझा फोन वाजला. कंपनीचाच. पेणला आणखी एक सामना ठेवलाय, तुम्ही याल का? मी तोंडाला येईल ते बोलत सुटले, इतक्या मोठ्यानं की शेजारीण खिडकीत आली. मैत्रिणीनं माझ्या हातातून फोन घेतला.

"आधी मला विचारायला हवं होतं," ती शांतपणे म्हणाली. "आमी नाय येणार." आणि फोन बंद केला.