लसणाचा वास

मोंढ्यातला, म्हणजे धान्यबाजारातला, तो हमाल पोतं पाठीवर घेण्याआधी त्याचा वास घ्यायचा. बोलणं बेताचंच. आमच्या घरी धान्य आणलं तरी उंबऱ्याबाहेर थांबायचा. ‘साहेब, येऊ का आत?’ असं विचारल्याशिवाय पाऊल टाकायचा नाही.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. नव्या कचेरीतल्या माझ्यासारख्या कारकुनाला भाड्याची एकच खोली मिळाली होती. त्यात दुष्काळ. मुश्किलीनं मिळालेल्या ज्वारीला कीड लागू नये म्हणून मी पत्र्याच्या कोठीत औषधाच्या गोळ्या टाकल्या होत्या. कोठीला लागूनच आमच्या तान्ह्या मुलीचा पाळणा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आणखी एक पोतं घेऊन आला. दारातच थबकला, दोनदा वास घेतला. पोतं तिथंच टाकून न विचारता आत शिरला आणि झोपलेली मुलगी उचलून बाहेर पळाला. बायको किंचाळत मागे धावली. मी त्याचा दंड धरला.

“गोळ्याचा वास हाय, साहेब. मानूस मरतंय त्यानं.”

“लसणाचा आहे तो,” बायको म्हणाली. “सकाळपासून येतोय.”

उन्हात मुलगी रडायला लागली. त्यानं तिला बायकोच्या हातात दिलं.

“बाई, घरात लसूण कुठं हाय?”

महिना झाला, घरात लसूण आलाच नव्हता.

तो उंबऱ्याशी गेला. खांद्यावरचा रुमाल नाकाला बांधला आणि माझ्याकडं वळून म्हणाला, “कोठी बाहेर काढतो. साहेब, येऊ का आत?”