पेट्या ठोकणाऱ्याचं दार

फेब्रुवारीतला दुसरा शनिवार, सकाळी आठ. लासूर स्टेशनजवळचं आमच्या ख्रिस्ती मंडळीचं नवं प्रार्थनामंदिर. भिंती उभ्या, पत्रे चढलेले, दार नाही. हजर: पाळकसाहेब, बजाजनगरचे एक भाऊ, त्यांची बायको, शेजारच्या रानातली मेंढ्यावाली आजी आणि मी. मी वाळूजच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळते, म्हणून बांधकामाची यादी माझ्याकडे.

यादीत दोनच ओळी उरल्या होत्या. लाकूड आणि सुतार.

आदल्या रविवारी उपदेश ऐकला होता. वाळवंटात देवासाठी मंडप उभारायचा होता, तेव्हा लोकांनी घरातलं सोनं, कापड, बकऱ्यांचे केस इतके आणले की शेवटी ‘आता पुरे’ अशी दवंडी द्यावी लागली. आणि कारागीर? तो देवानं स्वतः निवडला, कसबही त्यानंच दिलं. मी लगेच मंडळीच्या ग्रुपवर टाकलं: दारासाठी घरचं लाकूड आणा.

किती लांब, किती जाड, हे मात्र लिहिलंच नाही. स्टोअरवालीनं!

शनिवारपर्यंत ढीग झाला. खाटेचे पाय, गोठ्याच्या फळ्या, बैलगाडीचं जू, एक अख्खा पाळणा. मेंढ्यावाली आजी आमच्या मंडळीतली नाही, तरी ती मेंढ्या कोंडायच्या वाडग्याची बाभळीची फळी घेऊन आली. “देवाचं हाय ना? मग घ्या की.” पाळकसाहेबांनी ग्रुपवर ‘लाकूड पुरे’ लिहिलं, तरी दुपारी आणखी एक खाट आलीच.

औरंगपुऱ्यातून बोलावलेला सुतार त्या ढिगाभोवती एक फेरी मारून म्हणाला, “ताई, हे जळण आहे,” आणि रिक्षात बसून गेला.

राहिले भाऊ. त्यांच्या कंपनीचं पॅकिंग खातं दिवाळीत बंद झालं, तेव्हापासून ते घरीच. प्रार्थनेला आले तरी मागं चपलांपाशी बसायचे. “माणूस सुकत चाललाय, बाई,” असं त्यांची बायको मला म्हणाली होती. मी त्यांना विचारलं.

“मी सुतार नाय, ताई. मशिनीच्या पेट्या ठोकणारा माणूस.”

“मग येवढी वर्षं काय माश्या मारल्या?” बायको म्हणाली. “उठा!”

ते उठले. कुणाला न विचारता जाडीप्रमाणे तुकडे वेगळे करायला लागले. “पेटीला लांब लाकूड कोण देतंय? तुकडंच येतात.” चौकट जुळवली, पट्ट्या शेजारी शेजारी बसवल्या, मागून एक तिरपी पट्टी मारली. “आता यात मशीन घालून पंजाबला पाठवा. हलनार नाय.”

पाचला दार बसलं. पाच रंगांचं, पण खांदा लावला तरी हूं की चूं नाही. आम्ही कौतुकानं आत गेलो, दार लावलं, प्रार्थना केली. बाहेर निघायची वेळ आली तेव्हा कळलं, आतून ओढायला काहीच नाही. ना कडी, ना मूठ.

बाहेरून आजी ओरडली, “देवाला कोंडलं का रं?” आणि काठीनं दार आत ढकललं.

भाऊ ओशाळले. “पेटी येकदा बंद केली की आपलं काम संपतं, ताई.” मग स्वतःच हसायला लागले. बायको बघतच राहिली, मग पदर तोंडाला लावून तीही हसली.

आता ते दर रविवारी सगळ्यांच्या आधी येतात, दारापाशी उभे राहतात, येईल त्याला कुठली पट्टी कुणाच्या घरची ते सांगतात. कडी मी आणते म्हटलं, तर नको म्हणाले. औरंगपुऱ्यातली तीन दुकानं पालथी घालून झाली, एकही त्यांना पसंत नाही. दारात सध्या दगड ठेवतो.

यादीत एकच ओळ शिल्लक आहे: कडी, भाऊ आणणार.